जिथे दात आलाच नाही

जीभ हळूच वरच्या दातांकडे न्या.

अगदी मधोमध. समोरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे टेकवा. थोडं थांबा.

आता उजवीकडे सरका. एक दात. मग त्याच्या शेजारचा, जरा अरुंद. मग टोकदार सुळा. मग दोन उपदाढा. मग दाढा, रुंद, खडबडीत, एखादीत कधीकाळी भरलेली चांदी.

परत या. मधल्या दाताच्या शेजारी जो अरुंद दात आहे, त्याच्यापाशी या.

या दाताकडे आपलं कधी लक्ष जात नाही. किडल्या दाढेची ठणक आठवते, सुळ्याचं टोक आठवतं. हा मात्र बिचारा गुपचूप आपली जागा धरून असतो. दातांचे डॉक्टर त्याला लॅटरल म्हणतात.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता समजा, तो दात नाही.

पडला नाही. किडला नाही. कुणी काढला नाही. आलाच नाही.

जीभ तिथे जाते आणि हिरडीवर टेकते. हिरडी गुळगुळीत आहे, ओली आहे. श्वास घेतला की वारा त्या फटीतून आत येतो आणि जिभेच्या शेंड्याला गार लागतो. ‘स’ म्हणून पाहा. त्यात किंचित शीळ मिसळल्यासारखी वाटते.

तिथे लगेच काही भरू नका. मनातसुद्धा नाही.

नुसते त्या जागेपाशी बसा.

*

मढच्या धक्क्यावर सकाळ आहे.

वेसाव्याच्या काठावरून फेरीबोट निघाली आहे. पाणी मातकट आहे. वाऱ्याला सुकत घातलेल्या मासळीचा वास आहे.

मासळी वाळवायच्या वलांडीवर बोंबील लटकताहेत. जरा जवळ जा. दोन-दोनच्या जोडीने लटकताहेत, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. ना दोरा, ना आकडा. दातांनीच दात धरून ठेवले आहेत. बारीक, आत वळलेले, बोटाला खरचटतील असे दात.

धक्क्यावर नऊ वर्षांची एक मुलगी आईला टेकून उभी आहे. कल्पनेतलीच आहे, पण अशी मुलं प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेत असतात. तिच्या हातात पेरू आहे. ती समोरच्या दातांनी चावत नाही. पेरू तोंडाच्या कडेला नेते आणि सुळ्याच्या बाजूने तोडते.

आईच्या पिशवीत एक मोठं पाकीट आहे. पाकिटात ओपीजी आहे, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एका फिल्मवर घेतलेला एक्स-रे.

आई तो पुन्हा एकदा बाहेर काढते. आभाळाकडे धरते.

आपणही बघू या. घाई नाही. बोट अजून लांब आहे.

*

फिल्म काळी आहे. तिच्यावर पांढरे, करडे आकार.

आधी डोळे सरावू द्या.

खालच्या जबड्याची कमान दिसते. तिच्यावर दातांची रांग. आणि रांगेच्या आत, हाडाच्या पोटात, आणखी एक रांग. अजून बाहेर न आलेले दात. काहींची मुळं अर्धीच झाली आहेत. काहींचा नुसता वरचा भाग तयार आहे.

नऊ वर्षांच्या मुलाच्या जबड्यात असं सगळं एकदम असतं. काही दुधाचे, काही पक्के, काही वाटेत.

दुधाचे दात 20. पक्के दात अक्कलदाढा धरून 32. सहाव्या वर्षाच्या सुमाराला पहिली पक्की दाढ मागून येते आणि खालचे पुढचे दात हलू लागतात. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत अक्कलदाढा सोडून बहुतेक सगळे दात जागेवर येतात. तोंडातला हा बदल सहा-सात वर्षं चालतो, आणि आपण तो जेवणाच्या ताटापलीकडे फारसा पाहत नाही.

आता वरच्या जबड्यात, मधोमध.

दोन मोठे पक्के दात आले आहेत. डावीकडे त्यांच्या शेजारी दुधाचा छोटा दात अजून उभा आहे. उजवीकडे तो पडला आहे आणि तिथे फट आहे.

या दोन्ही जागांच्या वर, हाडात, काय आहे ते पाहा.

काही नाही.

पांढरा आकार नाही. कळी नाही. हाडाची बारीक जाळी आहे फक्त, एकसारखी करडी.

खाली डावीकडे या. दुधाची मोठी दाढ आहे. तिच्याखाली उपदाढ असायला हवी. तिथेही करडी जाळी.

तीन जागा. तीन दात, जे कधी सुरूच झाले नाहीत.

थांबा इथे. आईची नजर पहिल्यांदा या तीन जागांवर गेली तेव्हा ती जितकी थांबली असेल, तितकं थांबा.

*

आता त्या आईच्या मनात काय चाललं आहे, ते ऐका.

गरोदरपणी माझ्या खाण्यात काही कमी पडलं का? कॅल्शियमच्या गोळ्या चुकल्या का? ती लहान असताना पडली होती, तेव्हा काही झालं का?

हे प्रश्न येऊ द्या. त्यांना बसू द्या. मग एकेक करून निरोप द्या.

पक्क्या दातांचे अंकुर मूल पोटात असतानाच धरू लागतात, मागच्या काही दाढांचे जन्मानंतर. अंकुर धरायचा की नाही याची सूचना बहुतेक वेळा जनुकांतून येते. एमएसएक्स-1, पॅक्स-9, डब्ल्यूएनटी-10ए अशी त्यांतली काही नावं आहेत. सूचना आली नाही की त्या जागी दात सुरूच होत नाही. चमचाभर जास्त दुधाने हे बदललं नसतं.

अक्कलदाढा सोडल्या तर शंभरातल्या साधारण पाच-सहा जणांना एखादा तरी पक्का दात जन्मतः नसतो. म्हणजे तिच्या वर्गातही आणखी एक-दोन मुलं निघतील. बहुतेकांना एक किंवा दोनच दात कमी असतात. खालची दुसरी उपदाढ, वरचा लॅटरल, वरची दुसरी उपदाढ, जास्त करून हेच.

बापाला तोंड उघडायला सांगा. आत्याला सांगा, मामाला सांगा. बऱ्याचदा घरातच कुणाचा तरी लॅटरल निमुळता, खुंटलेला निघतो. ‘माझा असाच आहे लहानपणापासून,’ असं म्हणून तो माणूस हसतो. कुणी विचारलंच नव्हतं.

पडलेला दुधाचा दात आजीने रीतीप्रमाणे छपरावर फेकला होता. नेम चुकला नव्हता. वर हाडात दातच नव्हता.

आईचा खांदा जरा सैल होऊ द्या. तुमचाही.

*

क्वचित कुणाच्या जबड्यात दोन-तीन नाही, तर दहा-पंधरा जागा रिकाम्या असतात.

1875 साली चार्ल्स डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद छापली. चार पिढ्यांतले दहा पुरुष. दोन्ही जबडे मिळून पुढचे चार अशक्त दात आणि मागच्या आठ दाढा. अंगावर केस विरळ. उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून जिवाची काहिली. मुलींना त्रास नाही, पण मुलींच्या मुलांत तो पुन्हा दिसायचा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, 1936 पर्यंत होता. म्हणजे ही आपल्याच इलाख्यातली नोंद.

या अवस्थेला आज एक्टोडर्मल डिस्प्लेझिया म्हणतात. दात, केस, घाम, तिघांची सुरुवात गर्भाच्या एकाच थरातून होते, म्हणून तिन्ही एकत्र अडतात. अशा मुलाला तीन-चार वर्षांचं असतानाच छोटी कवळी देतात. त्याला चावता यावं, बोलता यावं, आणि चेहरा आत बसू नये म्हणून.

दात खूप कमी आणि मुलाला घामही येत नसेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

आपली मुलगी घामेजली आहे. धक्क्यावर ऊन चढतं आहे. पुन्हा तिच्या फटीपाशी येऊ.

*

पहिला उपाय म्हणजे जे आहे ते राहू देणं.

डावीकडचा दुधाचा दात पाहा. हाडातून पक्का दात बाहेर सरकतो तेव्हा दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, आणि मग तो हलतो. इथे ढकलायला कुणी नाही. म्हणून मूळ टिकतं, निदान हळू झिजतं.

खालच्या दुधाच्या दाढेचं तर फारच बरं असतं. मूळ धड असेल, कीड नसेल, तर ती विशी-तिशी ओलांडते. काहींच्या तोंडात चाळिशीतही दुधाची दाढ भाकरी चावत असते आणि मालकाला पत्ताही नसतो.

म्हणून ‘दुधाचाच तर आहे, काढून टाका’ असं म्हणण्याआधी एक श्वास घ्या.

त्या दाताखाली काय आहे, ते फिल्मवर पाहा. मग बोला.

तो दात रोज दोन वेळा घासला जाऊ दे. त्याला कीड लागू न देणं, हीच कितीतरी वर्षांची सोय आहे.

एक लक्ष मात्र असू द्या. कधी कधी अशी दाढ हाडाला चिकटून बसते. शेजारचे दात वाढत्या जबड्याबरोबर वर येतात आणि ही खालीच राहते. वर्षागणिक थोडी आणखी खाली. मग डॉक्टर तिला उंची देतात, किंवा फार खोल गेली तर काढतात.

शेजारी वर जातात, ही तिथेच राहते. हे वाक्य जरा धरून ठेवा. पुढे लागणार आहे.

*

आता पाण्याकडे पाहा.

भरती लागली आहे. आवाज नाही. नुसतं पाणी वर येतं आहे.

काठाशी होड्या बांधल्या आहेत, दोराने. दोराला थोडी ढील आहे. पाणी वर येतं तशी होडी वर येते. कुणी उचलत नाही तिला. ती पाण्याबरोबर आहे.

जवळच तळात रोवलेला एक खांब आहे.

खांबाकडे पाहत राहा.

पाणी चढतं. खांब हलत नाही. त्याचा ओला भाग बुडतो, मग कोरडा भाग बुडू लागतो. होडी आता खांबाच्या बरोबरीला आली. थोड्या वेळाने ती त्याच्याहून वर असेल.

खांब मजबूत आहे. त्याचं काही चुकलेलं नाही. तो फक्त पाण्याबरोबर वर येऊ शकत नाही.

श्वास आत. पाणी वर. श्वास बाहेर.

आपला प्रत्येक दात होडीसारखा आहे. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पडदा असतो, मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा. त्या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो, आणि त्यांना किंचित ढील असते. जबडा वाढतो, हाड वर येतं, दात त्याच्याबरोबर येतो.

इम्प्लांट हा खांब आहे.

टायटॅनियमचा स्क्रू. तो हाडात बसवतात, हाड त्याला येऊन घट्ट चिकटतं, आणि वर दात चढवतात. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. मोठ्या माणसासाठी हा चांगला उपाय आहे. मधे तंतू नाहीत, ढील नाही.

आता नऊ वर्षांच्या जबड्यात तो रोवला, असं मनात आणा.

दहावं वर्ष. अकरावं. बारावं. मुलगी उंच होते. चेहरा लांबट होतो. शेजारचे दात खाली उतरत राहतात, कारण वरच्या जबड्यात वाढीची दिशा खालची असते. इम्प्लांटचा दात मागे, वर राहतो. सोळाव्या वर्षी हसली की तो एक दात आखूड दिसतो. त्याची हिरडी शेजाऱ्यांच्या हिरडीहून वर असते. पुढे ते दुरुस्त करणं फार अवघड असतं.

म्हणून थांबायचं. मुलींनी साधारण सतरा-अठरापर्यंत, मुलांनी वीस-एकविसापर्यंत. वय हा नुसता अंदाज. उंची वाढायची थांबली का, सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेल्या चेहऱ्याच्या दोन एक्स-रेंत फरक उरला नाही का, ते पाहून ठरवायचं. ज्याला दातच नाहीत अशा मुलाच्या खालच्या जबड्यात, पुढच्या भागात, कधी लवकर इम्प्लांट बसवतात. तो अपवाद आहे.

‘एकदाच काय ते कायमचं करून टाका, डॉक्टर,’ असं बाप म्हणतो. प्रेमापोटी म्हणतो. त्याला धक्क्यावर आणून बसवा. भरती पाहू द्या.

*

मग तोवर काय?

तळहात उघडा. कल्पनेत त्याच्यावर एक छोटी प्लेट ठेवा.

गुलाबी, टाळूच्या आकाराची, पातळ. तिला दोन छोटे दात, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे. हलकी आहे. तोंडात घातली की पहिले दोन दिवस लाळ सुटते, जीभ अडखळते, वरणभातही परका लागतो. मग जीभ सरावते.

ही काढता-घालता येणारी कवळी. रात्री काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. मूल वाढलं की ती घट्ट होते आणि बदलावी लागते.

शाळेत डब्याच्या वेळी ती काढून रुमालात गुंडाळली जाते. रुमाल हरवतो. डब्याबरोबर धुतला जातो. कुत्रा पळवतो. यासाठी मुलाला रागावू नका. एक घट्ट झाकणाची डबी द्या, आणि तरी हरवेल असं धरून चाला.

दुसरा उपाय जागेवर चिकटवायचा दात. त्याला मेरीलँड ब्रिज म्हणतात. एका कृत्रिम दाताला मागच्या बाजूने एक पातळ पंख, धातूचा किंवा झिर्कोनियाचा. तो पंख शेजारच्या एका दाताच्या पाठीला चिकटवतात. शेजाऱ्याला फारसं घासावं लागत नाही. समोरून काही दिसत नाही.

कधी तो निघतो. उसाचं कांडं, कडक चिक्की, मित्राचं कोपर. निघाला तर तुकडा जपून न्यायचा, पुन्हा चिकटवतात. पंख एकाच बाजूला असलेला बरा, दोन्हीकडे बांधला तर एक बाजू सुटते आणि तिच्याखाली कीड लागते, ते कळतही नाही.

नेहमीचा ब्रिज मात्र, ज्याला दोन्ही बाजूंचे दात चौफेर घासावे लागतात, तो लहान मुलाला नको. कोवळ्या दातात नस मोठी असते. दोन धड दात एका न आलेल्या दातासाठी का झिजवायचे?

*

आणखी एक वाट आहे. तिला वेळ लागतो. ती ऐकण्यासारखी आहे.

जागा बंदच करायची. दात सरकवायचे.

तारा लावतात. सुळा हळूहळू पुढे येतो, लॅटरलच्या जागी. त्याच्यामागची उपदाढ सुळ्याच्या जागी. मग सुळ्याचं टोक घासून, कडेला दाताच्या रंगाचं मटेरियल लावून त्याला लॅटरलचं रूप देतात. सुळा मूळचा जाड, जरा पिवळसर. जवळून पाहणाऱ्याला कळेल. जेवणाऱ्याला कळणार नाही.

डोळे मिटा. एक दात सरकतो आहे.

पुढच्या बाजूने तारेचा हलका ताण. ज्या बाजूला तो झुकतो, तिथलं हाड विरघळतं. ज्या बाजूने निघतो, तिथे नवं हाड बनतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. मुलगी झोपली आहे, शाळेत आहे, समुद्रावर खेळते आहे. हाड पुढून वाट देतं आणि मागून वाट बुजवतं.

दीड-दोन वर्षं.

शेवटी तोंडात सगळे दात तिचेच. जबड्याबरोबर वाढणारे. म्हातारपणापर्यंत बदलायला काही नाही.

माझं मत विचाराल, तर चाव जुळत असेल आणि सुळा फार काळपट-टोकदार नसेल, तर मला ही वाट सगळ्यांत आवडते. पण हे प्रत्येक तोंडाला लागू नाही. खालचा जबडा पुढे असेल तर वरची जागा बंद करून चालत नाही. तिथे उलट करतात. जागा उघडी ठेवतात, सारखी करतात, पुढच्या इम्प्लांटसाठी.

यात एक बारीक युक्ती आहे. दात नसलेल्या जागी हाड पातळ होत जातं. म्हणून काही वेळा सुळ्याला आधी त्या रिकाम्या जागीच उतरू देतात. तो येताना आपलं हाड घेऊन येतो. मग त्याला मागे त्याच्या जागी नेतात, आणि मागे राहिलेलं हाड पुढे इम्प्लांटला उपयोगी पडतं.

हे सगळं नवव्या-दहाव्या वर्षी ठरवायचं असतं. विसाव्या वर्षी उशीर झालेला असतो.

*

एक उपाय क्वचितच कुणी सांगतं. तिच्याच तोंडातली एक उपदाढ काढून रिकाम्या जागी लावणं.

दात दाटीवाटीने आले असतील आणि एखादी उपदाढ तशीही काढायची असेल, तेव्हाच. मूळ अर्धं ते पाऊण तयार झालेलं असताना. तंतूंचा पडदा न दुखावता. दात नव्या जागी जीव धरतो, मूळ पुढे वाढतं, आणि तो जबड्याबरोबर येतो.

हाही होडीच आहे, खांब नाही. मात्र हाताला सवय असलेला सर्जनच हवा.

आणि जपानमध्ये, क्योटो इथे, दाताची वाढ रोखणाऱ्या एका प्रथिनाला अडवणारं औषध 2024 पासून माणसांवर तपासलं जाऊ लागलं. सुरुवात प्रौढांपासून. आपल्या मुलीच्या निर्णयासाठी त्याची वाट पाहू नका.

मुशी नावाची मासळी धक्क्यावर पडलेली असते ना, तिचे दात आयुष्यभर पडतात आणि मागच्या रांगेतून नवे येत राहतात. माणसाला दोनच पाळ्या. काहींच्या दुसऱ्या पाळीत एखादी जागा रिकामी.

*

थोडं बाजूला जाऊन एक सांगतो, कारण पुळणीवर पोरं खेळत असतात.

आलेला पक्का दात पडून मुळासकट बाहेर आला, तर तो वरच्या भागाने धरा. मुळाला हात नको, घासणं नको. दूध किंवा पाण्याने क्षणभर विसळा आणि जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवा. नाहीतर गार दुधाच्या पेल्यात टाका आणि दवाखाना गाठा. तासाच्या आत, अर्ध्या तासात गाठला तर उत्तम. तंतू जिवंत असले तर दात पुन्हा धरतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालचा अंकुर दुखावतो.

एवढंच. परत धक्क्यावर.

*

फेरीबोट जवळ आली आहे.

बोटीत चढण्याआधी मुलीकडे पाहा. एक्स-रेकडे नको. तिच्याकडे.

तिला विचारलं का कुणी?

तिला काय सलतं? फोटोत ओठ मिटून हसावं लागतं, ते? कविता म्हणताना ‘स’ला शीळ येते आणि मागच्या बाकावरची मुलं हसतात, ते? पेरू समोरून चावता येत नाही, ते? की तिला काहीच सलत नाही, आणि सलतं ते फक्त आपल्याला?

प्रश्न विचारा आणि गप्प राहा. नऊ वर्षांच्या मुलाला उत्तर द्यायला वेळ लागतो. ती आधी पाण्याकडे बघेल. पेरूचं बी थुंकेल. मग काहीतरी म्हणेल, ते बहुधा आपण धरून चाललो होतो ते नसेल.

‘आये, मला शाळेत प्लेट काढायला लागेल का सगळ्यांसमोर?’

हे ऐका. लगेच ‘त्यात काय एवढं’ म्हणू नका.

ज्या मुलीला फक्त हसायचं आहे, तिला चिकटवलेला एक दात पुरतो. जिला कशाचंच काही वाटत नाही, तिची फट दोन वर्षं तशीच राहिली तरी चालतं, जागा जपली म्हणजे झालं. शेजारचे दात त्या फटीत कलंडायला लागले तर मात्र थांबून चालत नाही, जागा धरून ठेवणारी तार बसवावी लागते.

थांबायचं, पण बघत थांबायचं. दर सहा महिन्यांनी एकदा.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

बोट लागते. फळी टाकतात. आई एक्स-रे पाकिटात घालते.

पलीकडे वेसावे, मग अंधेरी, मग लोकल. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेसच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी लहान मुलांचे दात पाहणारे, तारा लावणारे आणि कृत्रिम दात बसवणारे, तिन्ही विभाग एका छपराखाली भेटतात. या कामाला तिघेही लागतात. एकाच डॉक्टरने एकाच बैठकीत सगळं ठरवून टाकलं, तर दुसऱ्याचं मत घ्यायला लाजू नका.

आणि जे आईबाप हे वाचताहेत, त्यांना एवढीच विनंती. आज रात्री दात घासताना मुलाच्या तोंडात दिवा धरून बघा. एका बाजूचा पक्का दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार आला नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सांगितलं तर एक्स-रे काढून घ्या. दुधाचा दात त्याआधी काढू देऊ नका. आणि ती फिल्म जपून ठेवा, पुढची दहा वर्षं ती लागणार आहे.